गोधडी, वाकळ, दुपटे की क्विल्ट? : भेटीच्या चिठ्ठीवरून निघालेली शब्दचर्चा

मूळ प्रश्न : कोथरूड

निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी मी हाताने अकरा गोधड्या शिवल्या. बारावी सध्या दिवाणखान्यात अंथरलेली आहे. ती एका मैत्रिणीच्या मुलीला लग्नात द्यायची आहे. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब असा वरचा थर रविवार पेठेतून आणलेल्या कोऱ्या सुती कापडाचे चौकोन जोडून तयार झाला आहे. खालचे अस्तरही कोरेच आहे. आत काय घालायचे ते अजून ठरायचे आहे. शिवण पुरी होण्याआधीच उत्साहाच्या भरात मी सोबतची चिठ्ठी लिहून ठेवली : 'हाताने शिवलेली गोधडी, सप्रेम भेट.'

चिठ्ठी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी वाचली. त्यांचे म्हणणे असे की लग्नाच्या आहेरात कोणी गोधडी देत नाही, गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांची आणि चिंध्यांची, तेव्हा 'क्विल्ट' लिहावे. भाचीने 'रजई' सुचवले. शेजारच्या काकू म्हणाल्या की त्यांच्या माहेरी याला 'वाकळ' म्हणतात, पण तो शब्द चिठ्ठीवर लिहू नये. ज्या शब्दाने वस्तू घरात ओळखली जाते तोच चिठ्ठीवर नको, हे मला पटले नाही, आणि खोडूनही काढता आले नाही.

याच महिन्यात पुतण्याच्या बाळासाठी सासूबाईंच्या मऊ साड्यांचे एक लहान पांघरूण शिवले, त्याला मात्र सगळ्यांनी एकमताने 'दुपटे' म्हटले. दोन्हींत टाका तोच, धावदोरा तोच आणि शिवणारीही तीच आहे. मग गोधडी, वाकळ, दुपटे, दुलई, रजई यांच्या सीमा नेमक्या कुठे आहेत? आणि संपूर्ण कोऱ्या कापडाच्या, भेट म्हणून शिवलेल्या वस्तूला 'गोधडी' म्हणणे भाषेच्या दृष्टीने चूक आहे काय?

प्रतिसाद : सदाशिव पेठ

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केले आहे, त्यामुळे अशा वेळी माझी नजर नामाकडे न जाता त्याच्यासोबतच्या क्रियापदाकडे जाते. वस्तू कोणती हे मराठीत पुष्कळदा क्रियापदच सांगते. गादी भरतात, उशी भरतात, रजई भरतात. आमच्या लहानपणी पेठांमधून पिंजारी धनुकलीची तार वाजवत फिरत असे आणि थंडीच्या तोंडावर घरातल्या रजया उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून घेतल्या जात. रजईला टाके असतात, पण ते लांब लांब असतात आणि त्यांचे काम एवढेच, की आतला कापूस एका कोपऱ्यात गोळा होऊ नये. ऊब कापसाची, टाका केवळ राखणदार. दुलई हे रजईचेच हलके रूप आहे.

गोधडी मात्र कोणी भरत नाही, ती शिवतात. तिच्यात कापडावर कापड असते आणि त्या थरांना एकत्र धरणारे टाक्यावाचून दुसरे काहीच नसते, म्हणून टाका बोट-दीड बोटाच्या अंतराने सगळीकडे फिरवावा लागतो. टाके उसवले की रजईची रजईच राहते, फक्त बेढब होते. गोधडीचे टाके उसवले तर हातात नुसता कापडांचा ढीग उरतो. या कसोटीवर आपली वस्तू रजई होत नाही, भाचीला तसे सांगावे.

जाता जाता एक तक्रार. वर्तमानपत्रांतून अलीकडे 'गोधडी विणणाऱ्या आजी' असे मथळे दिसतात. सतरंजी विणतात, घोंगडी विणतात, चादर विणतात. गोधडी विणली जात नाही. ज्याने हे लिहिले त्याने गोधडी पांघरली असेल, पण ती होताना पाहिलेली नसावी.

आपल्या यादीत 'पासोडी' हा शब्द नाही याचे पुणेकर म्हणून वाईट वाटले. पासोडी म्हणजे जाडेभरडे, दुहेरी पांघरायचे वस्त्र. शब्द बोलण्यातून गेला, तरी बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या नावात तो अजून राहतो. देवळाच्या आसपास पासोड्या-घोंगड्यांची विक्री होत असे, म्हणून देवाला हे नाव पडले, असे सांगतात. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) तर सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहिले आणि त्यालाही पासोडीच म्हणतात. पांघरायच्या वस्त्राचे नाव ग्रंथाला चालले, तर गोधडीचे नाव आहेराला न चालण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद : मूळ अक्कलकोट, सध्या हडपसर

आमच्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा बोलल्या जातात आणि या वस्तूला आम्ही 'कौदी' म्हणतो. उत्तर कर्नाटकात हाच शब्द चालतो. आजीकडे कौदी आणि वाकळ या दोन वेगळ्या वस्तू होत्या. कौदी पाहुण्यांसाठी, तिच्या वरच्या थरात रंगांची निवड असे आणि चारही कडा गोट लावून बांधलेल्या असत. वाकळ घरच्यांसाठी, जे सापडेल ते आत घातलेली, अशी जड की लहान मुलाला तिच्याखाली कूस बदलता येत नसे. म्हणजे भेद कापडाच्या वयाचा नव्हता, निगुतीचा होता. काकूंनी 'वाकळ' लिहू नका म्हटले ते मला याच अर्थाने बरोबर वाटते.

कारवार बाजूच्या सिद्दी समाजातल्या स्त्रियाही अशीच पांघरुणे शिवतात, त्यांच्या शब्दाचा उच्चार 'कवंदी' असा ऐकू येतो. कडेकडून आत शिवत यायचे आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची 'फुले' बसवायची, ही त्यांची रीत आहे. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. कोपरा हा दागिन्याची जागा आहे, ही समजूत आमच्या आजीचीही होती.

मूळ लेखिका

क्रियापदाची कसोटी मला फार आवडली. जाऊबाईंचा आक्षेप मात्र तिने सुटत नाही, कारण त्यांचा मुद्दा टाक्याचा नसून जुनेपणाचा आहे. त्या बाबतीत सुई हातात धरल्यामुळे जे कळले ते सांगते.

माझी पहिली गोधडी पूर्ण कोऱ्या कापडाची होती. वर लाल, पिवळे, हिरवे चौकोन आणि खाली पांढरे स्वच्छ अस्तर. कापड धुवून घ्यावे हे मला सुचले नाही. बहिणीने ती पहिल्यांदा धुतली तेव्हा लालाचा रंग अस्तरावर असा उतरला की जणू कोणी कुंकवाची कुयरी उपडी केली. त्याहून वाईट म्हणजे वरचे कापड एका मापाने आटले, खालचे दुसऱ्या मापाने, आणि सरळ रेषेत घातलेला माझा धावदोरा चुण्यांच्या डोंगरांतून वाकडातिकडा जाऊ लागला. बहीण अजून ती वापरते, पण पाहुणे आले की कपाटात ठेवते.

जुन्या लुगड्याची खळ केव्हाच निघून गेलेली असते, ते जेवढे आटायचे तेवढे आटलेले असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि सूत इतके मऊ झालेले असते की चार-पाच थरांतून सुई अडकल्यावाचून जाते. कोऱ्या कापडाच्या तेवढ्याच थरांतून टाका काढताना मला अंगठ्याला पट्टी बांधावी लागते. काटकसर हे जुन्या कापडाचे एक कारण असेलच, पण ते एकमेव कारण नाही. गोधडी नीट व्हावी म्हणूनही कापड जुने लागते. तेव्हा 'जुने' ही गोधडीच्या अर्थाची खूण आहे हे मला मान्य करावे लागते. जाऊबाईंना ती उणीव वाटते आणि मला ती पात्रता वाटते, एवढाच आमचा मतभेद उरला आहे.

'चौघडी' या शब्दाचा उलगडाही मला शिवतानाच झाला. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट कापड. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या की प्रत्येक घडी पावणेसात फुटांची होते आणि पन्हा साधारण चार फुटांचा असतो. म्हणजे एक लुगडे न कापता, न जोडता, चार पदरांचे एका माणसाचे पांघरूण होते. फक्त कडा शिवायच्या आणि धावदोरा घालायचा. चार घड्यांची ती चौघडी. सणाच्या चौघड्याशी तिचे नाते 'चार'पुरतेच आहे, हे भाचीसाठी मुद्दाम सांगावे लागले.

आणखी एक कबुली. गोधडी जमिनीवर ताणून अंथरताना चार कोपऱ्यांवर वजन ठेवावे लागते. माझ्याकडे एका कोपऱ्यावर पाटा असतो, दुसऱ्यावर वरवंटा, तिसऱ्यावर इस्त्री आणि चौथ्यावर दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चा एक खंड. सात खंडांचा हा कोश १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातच प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादकांना हा उपयोग रुचला नसता, पण शब्दांच्या चर्चेत कोशाने गोधडी धरून ठेवली आहे एवढे तरी म्हणता येईल.

प्रतिसाद : डेक्कन

'वाकळ' या शब्दाची बाजू कोणीतरी मांडायला हवी. काकूंना तो हलका वाटतो, आजींकडे तो दुय्यम वस्तूसाठी होता, पण त्याचे कूळ पाहिले तर तो फार खानदानी ठरतो. संस्कृत 'वल्कल' म्हणजे झाडाची साल किंवा सालीचे वस्त्र. प्राकृतात त्याचे 'वक्कल' झाले. मराठीत येताना जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ होतो, जसे 'सत्त'चे 'सात' आणि 'कम्म'चे 'काम' झाले. आणि दोन स्वरांमधला 'ल' हा 'ळ' होतो, जसे 'फल'चे 'फळ'. 'वक्कल'चे 'वाकळ' होणे या दोन्ही नियमांना धरून आहे. ध्वनींचा हिशेब जुळला तरी अर्थाचा जुळतो काय, असे कोणी विचारील. मला वाटते जुळतो, कारण वल्कल हे वनात राहणाऱ्या तपस्व्याचे वस्त्र होते आणि पुढे गावोगाव फिरणाऱ्या विरक्ताच्या अंगावर तुकडे जोडून शिवलेले वस्त्र आले. वस्त्र बदलले, नेसणाऱ्याची वृत्ती तीच राहिली, शब्द तिच्याबरोबर चालत आला.

त्या जोडलेल्या वस्त्राचा संस्कृत शब्द 'कंथा'. बंगालचा 'कांथा' आणि हिंदीची 'कथरी' हे त्याच घरातले. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातला योगी कंथा पांघरतो, आणि मराठी संतांच्या जोग्याच्या खांद्यावरही ती असते. (डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशात 'कंथा' पाहावी असे मनात आले होते, पण १९४८ साली काम सुरू झालेला आणि १९७६ साली पहिला खंड निघालेला तो कोश अजून 'अ'च्याच प्रदेशात आहे, त्यामुळे 'क'साठी आपल्या नातवंडांना सांगून ठेवावे लागेल.)

'गोधडी'चे सख्खे शेजारी म्हणजे हिंदी 'गुदडी' आणि गुजराती 'गोदडी'. तिकडे 'द' आणि आपल्याकडे 'ध', पण आपल्याकडेही 'द' अगदीच परका नाही; नगर जिल्ह्यातल्या कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज आहेत. आणि विदर्भातले डेबूजी झिंगराजी जाणोरकर (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे जोडवस्त्र घालीत, म्हणून त्यांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत. पुढे हातातल्या गाडग्यावरून 'गाडगे महाराज' हे नाव रूढ झाले. यावरून दोन गोष्टी दिसतात. गोधडी ही केवळ अंथरायची-पांघरायची वस्तू नव्हती, ती अंगावर घालायचीही होती. आणि ज्या शब्दाने लोकांनी आदराने एका संताला हाक मारली, तो शब्द लग्नाच्या चिठ्ठीला कमीपणा आणील असे मानण्याचे कारण नाही.

प्रतिसाद : औंध

माझी शंका लहान आहे. 'क्विल्ट' लिहायचेच ठरले तर लिंग कोणते? प्रदर्शनांतून 'हा क्विल्ट', 'हे क्विल्ट' आणि 'ही क्विल्ट' असे तिन्ही प्रकार ऐकले आहेत.

प्रतिसाद : सदाशिव पेठ

परका शब्द मराठीत आला की आपल्या जवळच्या शब्दाचे लिंग घेतो. गोधडी, वाकळ, रजई, दुलई, कौदी या सगळ्या स्त्रीलिंगी आहेत, म्हणून माझ्या कानाला 'ही क्विल्ट' बरे वाटते. 'हे क्विल्ट' म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा 'पांघरूण' असते. मूळ लॅटिन 'कुल्किता' म्हणजे गादी किंवा उशी, म्हणजे भरायची वस्तू, हे मात्र लक्षात ठेवावे. तेव्हा त्या शब्दाचा ओढा उगमापासूनच रजईकडे आहे, गोधडीकडे नाही.

प्रतिसाद : धनकवडी

मी शिवणकाम शिकवते. 'पॅचवर्क'साठी छापील मजकुरात 'ठिगळकाम' हा शब्द वापरला जातो, त्याबद्दल लिहायचे होते. ठिगळ हे भोकावर लावतात. आधी फाटते, मग ठिगळ येते. सदऱ्याच्या कोपरावर, पोत्यावर, छत्रीवर ठिगळ असते. गोधडीच्या वरच्या थरात जे असते ते झाकण्यासाठी लावलेले नसते, ते शेजारी शेजारी जोडलेले असते. आमच्या वर्गात येणाऱ्या बायका 'तुकडे जोडले', 'तुकड्यांची गोधडी' असेच म्हणतात, 'ठिगळांची' कधी म्हणत नाहीत. एका प्रदर्शनात माझ्या विद्यार्थिनीच्या कामाखाली आयोजकांनी 'आकर्षक ठिगळकाम' अशी पाटी लावली, तेव्हा तिने ती उलटी करून ठेवली. नवीन शब्द हवाच असेल तर 'जोडकाम' चालेल, पण मला 'तुकड्यांची' यात काही कमी वाटत नाही.

गोधडीला ठिगळ येते ते नंतर, वापरून विरल्यावर. आणि ती फारच विरली की तिच्यावर नवे कापड घालून पुन्हा धावदोरा मारतात. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. आमच्या घरात अशी एक आहे, तिच्या पोटात दोन आहेत. उसवून पाहण्याची अजून कोणाची छाती झालेली नाही.

दुपट्याबद्दल : 'द्विपट्ट' म्हणजे दोन पदरी वस्त्र, त्यातूनच हिंदीचा 'दुपट्टा' आणि आपले 'दुपटे'. दोन पदर ही खरी अट आहे. पण आज दुपट्याची ओळख पदरांवरून होत नाही, ते कोणाला गुंडाळले आहे यावरून होते. मोठ्या माणसाला तेवढेच कापड पांघरायला दिले तर त्याला कोणी दुपटे म्हणणार नाही. बाळंतविड्यात दुपटे, झबले, टोपडे आणि कुंची एकत्र येतात, आणि दुपटे जुन्या साडीचे आहे म्हणून तिथे कोणी नाक मुरडत नाही, उलट ते आजीच्या साडीचे आहे हे कौतुकाने सांगतात. मूळ लेखिकेच्या जाऊबाईंना हा दाखला द्यावा.

मूळ लेखिका

दाखला दिला. जाऊबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाळाचं वेगळं." पण त्यानंतर त्यांनी स्वतःहून एक प्रश्न विचारला, की एवढे सगळे जुन्या कापडावर अडले असेल, तर आत जुने कापड का घालत नाहीस? तीन आठवडे हा विषय माझ्या घरात चालू आहे, आणि हे सुचले ते शेवटी त्यांनाच.

मी मैत्रिणीला फोन केला. तिच्या आईंचे एक हिरवे सुती लुगडे तिने ट्रंकेत जपून ठेवले होते; आई जाऊन सहा वर्षे झाली. लुगडे आले तेव्हा त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. दोन दिवस गच्चीवर सावलीत वाळवल्यावर तो गेला. उजेडासमोर धरले तर बसण्याच्या जागी सूत इतके विरले होते की पलीकडची खिडकी दिसत होती. तेवढा भाग दोन थरांत एकमेकांवर येणार नाही अशा बेताने मांडणी केली. पाच-पाच फुटांचे चार तुकडे कापले आणि दोन दोन जोडून आतले दोन थर केले. वर आणि खाली कोरे कापड, या वेळी दोनदा धुतलेले. काठ वेगळा काढून चारही बाजूंना गोटासाठी वापरणार आहे, म्हणजे आतल्या लुगड्याची खूण बाहेर दिसत राहील.

चिठ्ठी पुन्हा लिहिली : 'तुझ्या आजीच्या लुगड्यावर हाताने शिवलेली गोधडी.' 'सप्रेम भेट' गाळले, कारण जागा उरली नाही. 'तुकड्यांची' हा शब्द घालण्याचा मोह झाला होता, पण तुकडे तिला दिसतीलच. 'क्विल्ट' लिहिले नाही, 'रजई' लिहिण्याचा प्रश्न आता उरलेला नाही, आणि 'वाकळ' या शब्दाचे कूळ मी काकूंना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी माहेरी फोन लावून तो मजकूर पुन्हा एकदा वाचून घेतला.

२७ फुटांतले २० फूट लागले, सात फूट पदराकडचे उरले आहेत. ते धुवून, घडी घालून नवरीच्या आईकडे परत पाठवायचे असे मी ठरवले होते, पण मैत्रीण म्हणाली की तुझ्याकडेच ठेव, दोन-तीन वर्षांनी लागेल. त्यातून जे शिवले जाईल त्याला काय म्हणायचे, यावर आमच्या घरात वाद होणार नाही.